स्वयंपाकातून जुळलेली मैत्री कशी टिकवावी, आणि कुणाच्या जिवावर

घरच्यांना तुमच्या स्वयंपाकाचं काही पडलेलं नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेलच. तुम्ही घरी भाजलेला पाव कापता, आतली जाळी उजेडात धरून बघता, आणि समोरचा विचारतो, "लोणी कुठंय?" अशा अरसिकांत दिवस काढण्यापेक्षा फोनमध्ये गोतावळा जमवावा. तिथे तुमच्यासारखीच माणसं असतात. जाळी बघून उसासे टाकणारी, पाव थंड होताना वरचं कवच तडतडतं त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवणारी. आता तर व्हॉट्सॲपच्या एका गटात १०२४ माणसं मावतात. एवढ्यांतून दोन-चार जिवलग मिळायला काहीच हरकत नाही. मिळाले की त्यांना कसं वापरायचं, चुकलं, कसं जपायचं, याबद्दल हे चार अनुभवाचे बोल. अनुभव माझाच आहे. जपलं मला गेलंय.

ओळख काढताना फार विचार करू नका. कुणीही फोटो टाकला की खाली "वा! रेसिपी प्लीज" एवढं लिहून मोकळं व्हा. रेसिपी फोटोखालीच सविस्तर लिहिलेली असते, पण ती वाचत बसलात तर बोलायला विषय काय उरणार? "ओव्हन किती डिग्री?" विचारा. (तिसऱ्या ओळीत १८० लिहिलंय.) "किती वेळ?" विचारा. (चौथ्या ओळीत.) "अंड्याशिवाय होईल का?" हा प्रश्न तर कुठल्याही पदार्थाखाली शोभतो. ऑम्लेटखाली विचारलेला मी स्वतः वाचलाय.

वयाचा अंदाज येत नसेल तर सरळ "ताई" म्हणा. ताईला राग येत नाही, ताईला झोप येत नाही, ताईला नोकरी नसते.

सलगी वाढली की मापांकडे वळा. समोरचीने सगळं ग्रॅममध्ये दिलं असेल तर कपात मागा, आणि कपात दिलं असेल तर "नक्की कुठला कप?" म्हणून अडून बसा. हा दुसरा प्रश्न खरं तर रास्त आहे. अमेरिकी कप साधारण २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, जपानी २०० चा. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात मात्र २० चा. बरं, कप तोच असला तरी मैदा चमच्याने अलगद भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि डब्यात कप खुपसून काढला तर १५० पर्यंत जातो. म्हणून तर मनापासून बेकिंग करणारी बाई वजनकाटा घेते आणि ग्रॅममध्ये लिहिते. तुम्ही काटा घेऊ नका. मैत्रीण कशाला आहे? तिला बसवा हिशेब करायला. तिने रात्री जागून सगळी मापं बदलून दिली की सांगा, "अगं, आमचा कप जरा मोठाच आहे."

आणि फोन करायचा तो केक ओव्हनमध्ये गेल्यावर. आधी नाही.

आता मुख्य मुद्दा. बदल.

मैत्रिणीची रेसिपी जशीच्या तशी करणं म्हणजे तुमच्या प्रतिभेचा अपमान. तेव्हा बदल करा, सढळ हाताने करा, आणि केलेत हे कुणाला कळू देऊ नका. माझ्या एका जिवलग मैत्रिणीने परवाच याचा वस्तुपाठ घालून दिला. आमची ओळख २०२० मधली, टाळेबंदीतली. दुकानांतून यीस्ट गायब झालं होतं आणि जगभरची माणसं पीठ-पाणी कालवून, बरणीत बुडबुडे कधी येतात याची वाट बघत बसली होती. त्यातच आम्ही दोघी. तिच्या बरणीला आंबूस वास आला की फोटो मला, माझं पीठ हाताला चिकटलं की व्हॉइस नोट तिला. पुढे सावरडो, म्हणजे त्या आंबवलेल्या पिठाचा पाव, मागे पडला, बोलणं राहिलं. आम्ही एकमेकींना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण तिच्या ओट्यावर कुठल्या बाजूने ऊन येतं ते मला माहीत आहे.

तर परवा तिने माझा केक केला. साधा, लोण्याचा. त्यातलं प्रत्येक वजन मी बसवून घेतलेलं आहे, अंदाजपंचे काहीही नाही. दुपारी गटात फोटो आला. मध्ये खड्डा, कडा करपलेल्या, आतला रंग पिवळट-तपकिरी. वर माझं नाव घालून लिहिलेलं: "हिच्या रेसिपीने केला. हिचा कसा होतो देव जाणे. सगळं साहित्य वाया." खाली रडक्या चेहऱ्यांची आणि सांत्वनांची रांग. एकीने तर लिहिलं, "काही लोक मुद्दाम एखादी गोष्ट सांगत नाहीत गं."

मी खासगीत विचारलं, काय काय घातलंस?

"सगळं तुझ्याप्रमाणेच. फक्त बेकिंग पावडर संपली होती, म्हणून तेवढाच सोडा घातला."

फक्त.

"आणि साखर निम्मी केली. एवढं गोड कोण खातं?"

"अंडी तीन लिहिलीस, घरात एकच होतं."

"लोण्याऐवजी तेल घेतलं. हलकं असतं ना."

"आणि मैदा नको म्हणून सगळी कणीक. बाकी अगदी सेम टू सेम."

बाकी काय राहिलं होतं, बाई? व्हॅनिला?

अहो, सोडा पावडरीपेक्षा तीन-चार पट जोरकस असतो! बेकिंग पावडरीतही सोडाच असतो, पण त्याच्या जोडीला कोरडं आम्ल आणि थोडा स्टार्च घातलेला असतो. नुसता सोडा तेवढ्याच मापाने टाकला आणि मिश्रणात दही, ताक, लिंबू असं आंबट काहीच नसलं, तर तो पुरता खर्ची पडत नाही. उरतो. तीच ती साबणाची चव आणि तोच तो पिवळा रंग. साखर काय फक्त गोडीला असते? ती ओलावा धरून ठेवते, लोण्याबरोबर फेसताना हवा कोंडायला मदत करते, वरून सोनेरी रंग आणते, आणि अंडी-पिठाचा सांगाडा वेळेआधी घट्ट होऊ देत नाही. लोणी फेसलं की त्यात हवा अडकते, तेलात तशी अडकत नाही. अंड्यांच्या जिवावर केक उभा राहतो, आणि कणकेतला कोंडा जास्तीचं पाणी पिऊन टाकतो. सोड्याचं प्रमाण सांभाळून यातला एखादा बदल केला असता, तर केक जरा रुसला असता, एवढंच. पाच एकदम केले, तो गेला. आणि मयताची बातमी माझ्या नावाने छापून आली. वर दुसऱ्या दिवशी बोलता बोलता कळलं की केक फुगतोय का हे बघायला बाईंनी मध्येच दोन-तीनदा ओव्हनचं दार उघडलं होतं. आतली उष्णता बाहेर, सांगाडा अजून कच्चा, मग खड्डा पडेल नाही तर काय डोंगर उभा राहील?

असो. उपहास लिहायला बसले होते. पुढची सूचना.

पदार्थ फसला तर श्रेय मैत्रिणीला द्या, जमला तर तुमचा हात चांगला.

जमलेल्या पदार्थाचं पुढे काय करायचं तेही सांगते. तो आपल्या नावावर घ्यायचा. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला कायदाही फारसा आड येत नाही. अमेरिकेत साहित्याच्या नुसत्या यादीवर स्वामित्वहक्क मिळत नाही. कुणी कृती स्वतःच्या शब्दांत फुलवून लिहिली असेल तर त्या लिहिण्याला आणि फोटोला मिळू शकतो. म्हणजे यादी घ्या, शब्द आपले घाला, झालं. पण आपल्या मंडळींना तेवढाही त्रास सोसवत नाही. मी एका कृतीत घाईत 'चाळून' लिहायच्या जागी 'चावून' टंकलं होतं. "मैदा दोनदा चावून घ्यावा." तो मैदा आज कुठे कुठे चावून घेतला जातोय, मला पत्ता लागत नाही. एका ठिकाणी तर वर लिहिलंय, "आमच्या सासूबाईंची खास कृती." सासूबाई खरंच चावत असतील तर मी शब्द मागे घेते.

स्टार्टर, म्हणजे सावरडोचं बरणीतलं विरजण, मागून घ्यायला लाजू नका. पातळ थर पसरून वाळवला, चुरा केला की पाकिटातून पाठवता येतो, टपालखर्च मैत्रीण करेलच. आल्यावर त्याचं बारसं करा, नाव ठेवा, फोटो टाका आणि फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ढकलून द्या. त्याला अधूनमधून पीठ-पाणी घालायचं असतं हे विसरा. मग एके दिवशी वर नारंगी रेघ दिसते. फोटो पाठवा: "अजून चालेल का गं?" नाही चालणार. फेक. मग परत मागा.

कुणी धोक्याची सूचना दिली तर ती मनाला लावून घ्या. कच्चा लसूण तेलात बुडवून, बरणी ओट्यावर आठवडाभर ठेवल्याचा देखणा फोटो एकीने टाकला होता. मी लिहिलं, बाई, असं बाहेर ठेवू नकोस. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नाही, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना आणखी काय हवं? त्यांच्या विषाला वास नाही, चव नाही, हुंगून कळत नाही. थोडं कर, फ्रिजमध्ये ठेव, चार दिवसांत संपव. उत्तर आलं, "काही लोकांना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही." खाली बदामांची रांग. बरोबर आहे. जळतच होते मी. लसणावर.

आणि मैत्रीण अचानक गप्प झाली तर? तर काही करू नका. तिच्या घरात आजारपण असेल, हाताला प्लास्टर असेल, स्वयंपाकघरात पाऊल टाकायची इच्छा उरली नसेल. ते तुमच्या विषयात बसत नाही, गट पाककृतींचा आहे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा मी तसं गटात सांगितलंही होतं. डाव्या हाताने लिहिलेला निरोप, अक्षरं खाली-वर. त्याच्या बरोब्बर खाली कुणाच्या तरी बिस्किटांचा फोटो आला आणि सगळे बिस्किटांकडे गेले. मला खासगीत एकच निरोप आला: "ताई, बरेच दिवस काही टाकलं नाहीत? त्या ब्रेडमध्ये पाणी पिठाच्या ७० टक्के की ७५?"

पंचाहत्तर. उत्तर दिलं मी. डाव्या हातानेच.

आता पुरे. गरज सरो, वैद्य मरो, हे करायचं असेल तर त्याला मैत्री म्हणू नका. चौकशी खिडकी म्हणा, मी तिथे वेळापत्रक लावते. माणूस तुम्हाला आपल्या ओट्यावरची गोष्ट देतो तेव्हा त्यामागे त्याचं पीठ, लोणी, गॅस आणि रविवार गेलेले असतात. तुम्ही ते दोन मिनिटांत वाचता, अर्धवट वाचता, आणि वर त्यालाच जाब विचारता. लाज कशी वाटत नाही? बदल करायला कुणी अडवलंय? घरात अंडं एकच असेल तर एकाचाच केक करा ना, सगळी मापं एक-तृतीयांश करा. तेवढं गणित येतं की तेही ताईंना विचारायचं?

आमच्यात एकजण आहे. तोही गटातच भेटलेला. त्याचा पाव दगड झाला की तो आधी लिहितो, "पाणी कमी घातलं, घाईत लगेच भाजला, रेसिपीचा दोष नाही," आणि मग विचारतो, आता काय करू. त्याला मी मध्यरात्रीही उत्तर देते. हात प्लास्टरमध्ये असताना फोन त्याचाच आला होता, आणि त्या फोनवर पावाचा विषय निघाला नाही. सगळेच असे नसतात हे मला कळतं. पण निदान खोटं तरी बोलू नका!

आणि तू. तू हे वाचणार आहेस, मला माहीत आहे. केकचं मला काही नाही, केक मी उद्या पुन्हा करेन. पण इतकी वर्षं बरण्यांचे वास एकमेकींना सांगितल्यावर, तुला आधी मला विचारावंसं वाटलं नाही? गटात माझं नाव टाकायच्या आधी एक निरोप? ती ओळ अजून तशीच आहे, आणि खाली येणाऱ्यांना तू धन्यवाद देतेयस. ती काढ. नाहीतर तिच्याखाली काय काय बदललंस ते लिही. सोडा, साखर, अंडी, तेल, कणीक, पाचही. तोवर तुझं पीठ चिकट झालं काय नि सैल झालं काय, मला फोटो पाठवू नकोस.