थुंबाचे रॉकेट चाचण्यांवाचून उडाले नव्हते

23 ऑगस्टला राष्ट्रीय अवकाश दिन असतो. त्या दिवशी शाळेत करायच्या भाषणासाठी माझ्या भाचीने जो मजकूर वहीत उतरवून घेतला होता, तो वाचून मला हे लिहिणे भाग पडले. मजकूर तिचा नव्हता. गेली काही वर्षे व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश तिच्या वर्गाच्या गटावर आला आणि नववीतल्या मुलीने तो खरा मानला, यात तिचा काही दोष नाही. ज्या मोठ्या माणसांनी तो न तपासता पुढे ढकलला, त्यांच्यासाठी हा प्रतिवाद आहे.

कलामांचे नाव घेणाऱ्या त्या संदेशाचा सारांश असा. 21 नोव्हेंबर 1963 रोजी इस्रोने केरळमधील थुंबा येथून भारताचे पहिले, संपूर्ण स्वदेशी रॉकेट सोडले. ते रॉकेट सायकलवरून आणि बैलगाडीतून किनाऱ्यावर नेण्यात आले. अमेरिका आणि रशिया शेकडो चाचण्या करून अपयशी ठरत असताना आपल्या शास्त्रज्ञांनी एकही चाचणी न घेता पहिल्याच प्रयत्नात यश मिळवले. रॉकेटचा शोध भारतातच लागला हे नासालाही मान्य असून तिथे टिपू सुलतानाच्या रॉकेटांचे चित्र लावलेले आहे. आणि हे सारे संपूर्ण जगाने आपल्याला मदत नाकारली असताना घडले.

तारीख आणि गाव बरोबर आहे. पण इस्रोची स्थापना 15 ऑगस्ट 1969ची आहे. 1963 साली काम पाहत होती ती विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली आदल्याच वर्षी नेमलेली इन्कोस्पार ही अवकाश संशोधन समिती. ही चूक लहान म्हणून सोडून देता येईल, पण ‘संपूर्ण स्वदेशी’ हे शब्द सोडून देता येणार नाहीत. त्या संध्याकाळी उडालेले रॉकेट नाइकी-अपाची जातीचे, अमेरिकेत तयार झालेले आणि नासाने दिलेले होते. त्याच्या टोकाशी असलेले, सोडियमची वाफ आकाशात सोडणारे उपकरण फ्रान्सकडून आले होते. अंधारून येताना उंचावर उरलेल्या सूर्यप्रकाशात ती वाफ नारिंगी चमकते, तिची वेगवेगळ्या ठिकाणांहून छायाचित्रे घेतली जातात आणि ढग कसा वाहत गेला त्यावरून वरच्या वातावरणातील वाऱ्यांचा वेग काढला जातो. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त थुंबावरून जाते, म्हणून वरच्या वातावरणातील विद्युतप्रवाह अभ्यासण्यासाठी ही जागा जगातील मोजक्या सोयीच्या जागांपैकी होती, आणि परदेशी शास्त्रज्ञ तिथे आले ते याच कारणासाठी. भारतात घडवलेले पहिले रॉकेट, रोहिणी-75, थुंबाहून उडाले 20 नोव्हेंबर 1967 रोजी. त्याचा व्यास 75 मिलिमीटर होता आणि ते सुमारे 10 किलोमीटर उंचीपर्यंत जाऊ शकत होते. चार वर्षांत परक्याच्या रॉकेटपासून स्वतःच्या रॉकेटपर्यंत पोहोचणे ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ती चार वर्षे पुसून टाकली, तर त्या काळात तिथे खपणाऱ्या माणसांच्या कामाला काही अर्थच उरत नाही.

सायकल आणि बैलगाडीबद्दल मला थोडे नमते घ्यावे लागेल. सायकलचे छायाचित्र खरे आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने थुंबाला ते टिपले असून त्यात रॉकेटचे शंकूच्या आकाराचे टोक सायकलवरून नेले जाताना दिसते. मात्र ते छायाचित्र 1963च्या उड्डाणाचे नाही, आणि सायकलवर आहे ते फक्त टोक, अख्खे रॉकेट नव्हे. पहिले रॉकेट कसे नेले, हे एपीजे अब्दुल कलाम यांनी ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रात सांगितले आहे. रॉकेटची जुळणी आणि सुरक्षितता ही तेव्हा त्यांचीच जबाबदारी होती. जुळणी थुंबाच्या चर्चच्या इमारतीत झाली. हाताशी एक ट्रक आणि हाताने चालवायची एक हायड्रॉलिक क्रेन होती. ट्रकने रॉकेट प्रक्षेपकापाशी आले, क्रेनने उचलले आणि प्रक्षेपकावर ठेवण्याच्या बेतात असतानाच ते तिरके होऊ लागले, कारण क्रेनच्या हायड्रॉलिक यंत्रणेत गळती होती. उड्डाणाची वेळ जवळ आल्यामुळे क्रेन दुरुस्त करणे शक्य नव्हते. शेवटी सगळ्यांनी मिळून अंगबळाने ते उचलून जागेवर बसवले. ज्यांना साधनांच्या टंचाईची गोष्ट सांगायची आहे, त्यांना ही खरी गोष्ट पुरेशी नाही काय?

बैलगाडीचे छायाचित्रही खरे आहे, पण ते आहे 1981च्या ॲपल या उपग्रहाचे, म्हणजे थुंबाच्या पहिल्या उड्डाणानंतर अठरा वर्षांनी घेतलेले. त्या उपग्रहाच्या अँटेनाची चाचणी उघड्यावर करायची होती आणि ट्रकच्या धातूमुळे मोजमापे बिघडली असती, म्हणून लाकडी बैलगाडी मुद्दाम निवडली गेली. ट्रक परवडत नव्हता म्हणून बैल जुंपले, असे सांगत फिरणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही की ते एका विचारपूर्वक आखलेल्या चाचणीचे छायाचित्र आहे. ॲपल उडाला तो 19 जून 1981 रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून, युरोपच्या एरियान रॉकेटवरून.

आता ज्या विधानामुळे मी खरोखर संतापलो, त्याकडे येतो. ‘एकही चाचणी न घेता पहिल्याच प्रयत्नात यश’ हे वाक्य भाचीने वहीत अधोरेखित केले होते. इतिहासाच्या दृष्टीने ते खोटे आहेच, पण उद्या अभियंते होऊ पाहणाऱ्या मुलांच्या हाती ते द्यावे, याच्याइतकी घातक गोष्ट मला सुचत नाही. चाचणी ही कमअस्सल लोकांची गरज असते आणि प्रतिभावंतांना ती लागत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

थुंबाचे पहिले उड्डाण यशस्वी झाले, कारण त्या रॉकेटच्या चाचण्या दुसऱ्या देशात आधीच पार पडल्या होत्या. त्याचा खालचा टप्पा नाइकी या अमेरिकी विमानवेधी क्षेपणास्त्रासाठी बनवलेला होता आणि दोन्ही टप्प्यांची पूर्ण जोडी अमेरिकेत उडवून पाहिलेली होती. ते सोडणारी भारतीय मंडळी नासाच्या केंद्रांवर प्रशिक्षण घेऊन आली होती. त्या पहिल्या पिढीत कलाम आणि आर. अरवमुदन यांच्याबरोबर पुण्यात जन्मलेले प्रमोद काळेही होते.

अमेरिका आणि रशियाच्या ज्या अपयशांना हा संदेश हिणवतो, ती अपयशे म्हणजेच चाचण्या होत्या. सोव्हिएत संघाचे आर-7 रॉकेट 15 मे 1957च्या पहिल्या चाचणीत कोसळले, ऑगस्टमध्ये नीट उडाले आणि त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला त्यानेच स्पुटनिक हा जगातील पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात नेला. अमेरिकेचे व्हॅनगार्ड रॉकेट 6 डिसेंबर 1957 रोजी जेमतेम जमीन सोडून खाली बसले आणि साऱ्या जगासमोर जळाले. 21 नोव्हेंबर 1960 रोजी, म्हणजे थुंबाच्या उड्डाणाच्या बरोबर तीन वर्षे आधी, अमेरिकेतील केप कॅनाव्हरल येथे, माणसाला नेणारे यान उडवण्यासाठीचे मर्क्युरी-रेडस्टोन रॉकेट सुमारे 10 सेंटिमीटर उचलले गेले, त्याचे इंजिन बंद पडले आणि ते पुन्हा चौथऱ्यावर येऊन बसले. संकटात यानाला रॉकेटपासून दूर ओढून नेणारा वरचा सुटका-मनोरा एकटाच उडून गेला आणि यानाची हवाई छत्री बाहेर येऊन लोंबकळत राहिली. इंधनाने भरलेल्या त्या रॉकेटजवळ जाणे धोक्याचे असल्यामुळे अभियंत्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागले. जमिनीवरून रॉकेटला जोडलेल्या दोन विद्युत जोडण्या ठरलेल्या क्रमाच्या उलट सुटल्या होत्या, एवढेच कारण निघाले. त्यात दुरुस्ती झाली आणि महिन्याभरात पुढचे उड्डाण यशस्वी झाले. त्यानंतरही, हॅम हा चिंपांझी त्याच जातीच्या रॉकेटवरून जाऊन सुखरूप परतलेला असताना, रॉकेटचे वर्तन मनासारखे नव्हते म्हणून मार्च 1961मध्ये माणसाविना आणखी एक उड्डाण करून पाहण्यात आले. या जादा चाचणीमुळे ॲलन शेपर्ड या पहिल्या अमेरिकी अंतराळवीराचे उड्डाण 5 मेपर्यंत लांबले आणि 12 एप्रिललाच सोव्हिएत संघाच्या युरी गागारिन यांनी अवकाशात जाणारा पहिला माणूस होण्याचा मान मिळवला. अमेरिकेने पहिला क्रमांक गमावला, पण चाचणी सोडली नाही.

आणि आपल्याकडे काय घडत होते, हे ‘अग्निपंख’मध्येच वाचता येते. जो संदेश कलामांचे नाव घेतो, त्याच्या लेखकाने कलामांचे पुस्तक उघडायचेही कष्ट घेतलेले नाहीत. थुंबाच्या प्रयोगशाळेत कलाम आणि त्यांचे सहकारी सुधाकर सोडियम आणि थर्माइट (प्रचंड उष्णता देत जळणारी भुकटी) यांचे मिश्रण दुरून दाबून उपकरणांत भरत असत. काही उपकरणे भरून झाल्यावर ती नीट भरली गेली आहेत का, हे पाहायला दोघे आत गेले. थुंबाची दमट, उष्ण हवा. सुधाकर यांच्या कपाळावरचा घामाचा एक थेंब सोडियमवर पडला आणि क्षणात स्फोट होऊन खोली पेटली. सोडियमची आग पाण्याने विझत नाही. सुधाकर यांनी उघड्या हातांनी खिडकीची काच फोडली, आधी कलामांना बाहेर ढकलले आणि मग स्वतः उडी घेतली. भाजलेल्या अवस्थेत त्यांना कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागले.

पुढे एसएलव्ही-3 या आपल्या पहिल्या उपग्रहवाहकाच्या दुसऱ्या टप्प्याची नियंत्रण यंत्रणा जमिनीवर तपासताना एक झडप प्रतिसाद देईना, म्हणून तंत्रज्ञ ती पाहायला जवळ गेले आणि इंधन जाळण्यासाठी लागणाऱ्या तीव्र नायट्रिक आम्लाची टाकी फुटली. सहा जण भाजले. त्यातील एक जण पहाटे शुद्धीवर आला, तेव्हा त्याने प्रथम अपघाताबद्दल खंत व्यक्त केली आणि वेळापत्रकात पडलेली तूट आपण भरून काढू, असे उशाशी बसलेल्या कलामांना सांगितले. इतके सोसून 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून रॉकेट निघाले, तर पहिला टप्पा उत्तम चालूनही दुसरा भरकटला आणि सारे काही बंगालच्या उपसागरात पडले. एका झडपेत कचरा अडकून ती उघडी राहिली होती आणि आम्ल उड्डाणापूर्वीच गळून गेले होते. 18 जुलै 1980 रोजी त्याच रॉकेटच्या पुढच्या उड्डाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्यानंतर एएसएलव्ही या पुढच्या उपग्रहवाहकाची 1987 आणि 1988 सालची दोन्ही उड्डाणे फसली, आणि आज ज्याच्या सातत्याचे कौतुक होते त्या पीएसएलव्ही या उपग्रहवाहकाचे 20 सप्टेंबर 1993चे पहिले उड्डाणही फसले. ‘एकही चाचणी न घेता’ म्हणणारा माणूस त्या भाजलेल्या तंत्रज्ञांना इतिहासातून हाकलून देत असतो, आणि त्याला देशप्रेम म्हणायला मी तयार नाही. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर यांनी घन इंधनाच्या संशोधनात उमेदीची वर्षे घातली. इंधनाचा प्रत्येक नवा घाणा जाळून मोजल्याशिवाय ते काम एक पाऊलही पुढे जात नाही.

टिपूच्या चित्राचा मुद्दा अर्धा खरा आहे. अमेरिकेतील वॉलॉप्स बेटावरील नासाच्या केंद्रात असे चित्र पाहिल्याचे कलामांनीच लिहिले आहे. म्हैसूरच्या सैन्याने लोखंडी नळकांड्यांची रॉकेटे इंग्रजांवर परिणामकारकपणे वापरली आणि त्यांचे नमुने पाहून विल्यम काँग्रीव्ह यांनी इंग्लंडमध्ये आपली रॉकेटे विकसित केली, हे इतिहासाला मान्य आहे. परंतु दारूचे रॉकेट त्याच्या कित्येक शतके आधी चीनमध्ये होते, आणि अवकाशात नेणाऱ्या द्रव इंधनाच्या रॉकेटची वाट 16 मार्च 1926 रोजी रॉबर्ट गोडार्ड यांच्या मॅसॅच्युसेट्समधील अडीच सेकंदांच्या उड्डाणापासून सुरू होते. भिंतीवरचे चित्र म्हणजे शोधाची कबुली नव्हे.

राहिला जगाने मदत नाकारल्याचा मुद्दा. रॉकेट अमेरिकेचे आणि उपकरण फ्रान्सचे, हे वर आलेच. सोव्हिएत संघानेही थुंबाला संगणक आणि हेलिकॉप्टर दिले, आणि सेंटॉर रॉकेट बनवण्याचा परवाना फ्रान्सने दिला. 2 फेब्रुवारी 1968 रोजी इंदिरा गांधी यांनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण केले, म्हणजे कोणत्याही देशाच्या शास्त्रज्ञांना तिथे प्रयोग करता यावेत अशी व्यवस्था आपणच मान्य केली. मदत नाकारली गेली ती पुढे, क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाच्या बाबतीत: 1993 साली अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने त्या इंजिनाचे तंत्रज्ञान द्यायचे नाकारले आणि तयार इंजिने तेवढी दिली. तो अन्याय होता असे माझेही मत आहे, पण ज्याला तो सांगायचा असेल त्याने 1993 हे साल लिहावे आणि 1963चे थुंबा त्यातून वगळावे.