सोयरिकीत पायचीत

पुतण्यासाठी स्थळ बघायला आम्ही गेल्या रविवारी शेजारच्या तालुक्यात गेलो होतो. तिथे परक्या घरात, सगळ्या पाहुण्यांसमोर, हातात लाटणं धरून मला डावखुऱ्या फलंदाजासारखं गुडघ्यात वाकून उभं राहावं लागलं. मी उजखुरा आहे. गुडघा अजून दुखतोय आणि बायको अजून हसतेय.

पोहे झाले. मुलीचं शिक्षण, मुलाचं पॅकेज, पुण्यातला फ्लॅट कर्जावर की रोखीनं, हेही उरकलं. मग मुलीच्या आजोबांनी आमचं कूळ काढायला घेतलं.

"म्हंजे तुमी मास्तरांच्या घरातलं?"

"हो, माझे चुलत आजोबा ते."

"अंपायर व्हायचं त्येच न्हवं?"

मला बरं वाटलं. आमच्या मास्तरांना गावाबाहेर कुणी ओळखतं हीच नवलाई. मी हसून हो म्हणालो.

"त्येनं मला खोटं औट दिलं."

बैठकीतले सगळे चमचे थांबले. मध्यस्थानं "अहो, चालायचंच" म्हणून बघितलं, पण आजोबांचं काही चालायचं नव्हतं. साल 1971. भारताचा कॅप्टन वाडेकरनं आधी वेस्ट इंडीजला आणि मग इंग्लंडला त्यांच्याच घरात हरवलं होतं आणि सांगली-साताऱ्याकडची पोरं रेडिओ ऐकून पेटली होती. मुलीचे काका हळूच म्हणाले, "अण्णा, सत्तर असंल." अण्णांनी विचारलं, "तुजा जल्म कवाचा?" "बहात्तरचा." "मग गप बस."

यात्रेचा दुसरा दिवस, कॉर्कचा बॉल, हायस्कुलातून मागून आणलेली काथ्याची मॅट. पॅडचा जोड एकच. पण अण्णांचे थोरले बंधू उजखुरे आणि अण्णा डावखुरे. त्यामुळे पुढच्या पायाला एकेक पॅड बांधला की डावा थोरल्याचा, उजवा अण्णांचा, वाटणी बिनतक्रार. पुढे याच दोन भावांचा विहिरीच्या हिश्शावरून कोर्टात निकाल लागला, असं मध्यस्थानं माझ्या कानात सांगितलं.

"थोरला हाणत हुता, मी नुसता चिकटून. विवेक हजारेवानी."

हे मात्र मला आवडलं. विजय हजारे सांगलीचे, त्यांचं नाव कुणीही घेतं. पण 1943 च्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या विजयनं केल्या, तेव्हा तीनशे धावांच्या भागीदारीत भावानं समोर उभं राहून 21 केल्या होत्या. अशा भावाची आठवण ठेवणारा माणूस एरवी मी खांद्यावर घेतला असता. "मग तुमच्या किती झाल्या?" मी विचारलं. अण्णा म्हणाले, "चार. पर त्यो मुद्दा न्हाई."

मुद्दा असा, की बॉल स्टंप सोडून लेगला चालला होता आणि मागच्या, बिनपॅडच्या पायावर बसला. पुरावा म्हणून त्यांनी पायजमा वर करून नडगी दाखवली. डाग होता. पण त्या वयाच्या शेतकऱ्याच्या नडगीवर डाग नसेल तर तो शेतकरी कसला? आणि मग ते लाटणं आलं. आजींनीच आणून दिलं, म्हणजे हा खटला त्या घरात नेहमी चालत असणार. "डावरं हुबं ऱ्हावा पावनं. पाय आनि म्होरं. आनि." मी पाय पुढे टाकत सोफ्याला टेकलो. समोर पुतण्या मोबाइलवर शूटिंग करत होता. ज्याच्या लग्नासाठी मी उन्हातून गाडी हाकत आलो, तो. आणि मुलगी त्याच्या खांद्यावरून स्क्रीन बघत होती.

इतक्यात माझा सख्खा भाऊ म्हणाला, "मला तर आऊटच वाटतोय." म्हणजे वरबाप! अण्णा उठले. "चला, जाग्यावर दावतो." पण जागा आता कुठली? बहात्तरच्या दुष्काळात तिथे पाझर तलाव खोदला. ज्या पोरांनी त्या खेळपट्टीवर मॅट अंथरली होती, तीच पुढच्या वर्षी रोजगारासाठी तिथली माती उपसत होती. दुष्काळी कामावर खायला मिळायची ती सुकडी वाटायला आमचे मास्तर होते. "तवाबी मला कमीच घातली," अण्णा म्हणाले.

मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "बॉलर कोण होता?"

"हुता की. वेशीभायेरच्या वस्तीतला. लई जोरात टाकायचा. नाव... काय बरं?"

नाव कुणालाच आठवेना. मास्तरांचं बोट कुठल्या हाताचं होतं ते आठवतं, सुकडी किती कमी पडली तेही आठवतं, पण ज्यानं विकेट काढली तो नुसता वस्तीतला. त्याला चहा मैदानाबाहेर वेगळ्या कपात मिळायचा, हे मात्र आजींना आठवत होतं. पुण्याच्या क्लबात दलित बोलर पळवणकर बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. त्यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, म्हणून निदान त्यांचं नाव तरी छापलं गेलं. आमच्याकडच्याला ते बोलर म्हणून बोलवायचे आणि जेवायच्या पंगतीत विसरायचे. मला चिडायचं होतं, पण हातात लाटणं असताना माणसाला नीट चिडता येत नाही.

त्या दिवशी आऊट दिल्यावर अण्णांचा संघ मॅट गुंडाळून घरी गेला. त्यालाही परंपरा आहे. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर 1948 मध्ये पुण्यात 443 वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाच्या उंबरठ्यावर, आणि समोरच्या काठियावाड संघानं पुढे खेळायलाच नकार दिला. पाहुण्यांचा रुसवा आपल्याकडे लग्नाआधीच सुरू होतो.

परवा मध्यस्थाचा निरोप आला. मुलगा पसंत. पण साखरपुड्याआधी दोन्ही गावांत दहा षटकांचा सामना व्हायचाय. अण्णा स्वतः सलामीला येणार, त्यांच्यासाठी रनर राहील. आणि अंपायर त्रयस्थ गावचा. ते त्रयस्थ गाव म्हणजे माझी सासुरवाडी आणि अंपायर माझा मेहुणा.

काल रात्री त्याचा फोन आला. "दाजी, म्हाताऱ्याला औट द्यायचं का न्हाई ते आत्ताच सांगा. आणि स्लॅबच्या वेळी नेलेल्या पैशांचं काय ठरलं?"