कोप्या पडल्या की अण्णांचा डबा परत येतो

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, माळशिरस तालुक्यातल्या एका गावात ३१ वर्षं दवाखाना चालवतात. बी.ए.एम.एस. आहेत. दोन खोल्या, चार खाटा, एक कंपाउंडर. एरवी सकाळची ओपीडी उरकून ते जेवायला घरी येतात. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की डबा दवाखान्यात जातो आणि बऱ्याचदा तसाच परत येतो.

दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडतात, आठवड्याभरात वस्ती दीडपट होते. डॉक्टर मात्र तेवढाच. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. ती माणसं मोजली २०११ च्या जनगणनेत, आणि तोडणी कामगाराचं मूळ गाव दुसरं. आमच्याकडे तो पाच महिने राहतो, पण इथल्या कागदावर तो नाहीच.

गेल्या जानेवारीत रात्री पावणेअकराला दारात ट्रॅक्टर थांबला. बाईच्या पदरात चार महिन्यांचं बाळ, धाप लागलेली, छाती आत ओढली जात होती. अण्णांनी विचारलं, "कधीपासून?" "दोन दिस झाले." "मग काल का नाही आणलंत, बाई?" ती खाली बघत म्हणाली, "खाडा पडतो, डॉक्टर. पाचशे जातेत." तिच्या बोटांना पाचटानं कापल्याच्या बारीक काळ्या रेघा होत्या. लसीकरणाचं कार्ड गावाकडं सासूजवळ. अण्णांनी बाळाला ऑक्सिजन लावला, १०८ ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत उशाशी बसून राहिले. बाळ वाचलं. अण्णा दीडला झोपले, सहाला कोयता लागलेला माणूस दारात हजर.

गावातले काहीजण म्हणतात, "बाहेरच्यांनी दवाखाना भरलाय." मला हे ऐकून फार वाईट वाटतं. ऊस आपला, बिल आपल्या खात्यावर, मग तो तोडणारा बाहेरचा कसा? राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या सोलापूर जिल्ह्यात, हे आपण छाती फुगवून सांगतो ना?

याच खाड्याच्या धाकानं बायका पाळीतही फडात उतरतात, आणि काहीजणी पाळीचा त्रासच नको म्हणून गर्भाशय काढून घेतात. २०१९ साली सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. अंगावरून जातंय म्हणून अण्णांकडे आलेल्या बाईला ते आधी औषध देतात, समजावतात. पण पन्नास माणसं ताटकळत असताना एकीला वीस मिनिटं द्यायची कुठून?

जॉर्डनमध्ये सीरियातून आलेल्या निर्वासितांची निदान नावनिशीवार नोंद होते. आपल्याच राज्यातल्या माणसांची ती होऊ नये?

खरं तर नावं असतातच. टोळी आणणाऱ्या कुठल्या मुकादमाकडे किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, हे कारखान्याच्या शेती विभागाला पक्कं माहीत असतं, त्याशिवाय तोडणीचं बिल निघत नाही. ती यादी टोळी उतरल्या दिवशी आरोग्य केंद्राला द्या. बायका-पोरांची नावं तीत घाला. आशाताईंना कोप्यांवर फिरण्याचा वेगळा मोबदला द्या. रात्री कारखान्याची एक जीप पेशंटसाठी राखून ठेवा.

अण्णा आता ६२ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. त्यांच्यामागे या गावात बसायला दुसरा डॉक्टर तयार नाही. यंदाच्या हंगामाआधी कारखान्याच्या आमच्या भागातल्या संचालकांना आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मी हे लेखी देणार आहे. ज्यांच्या गावात कोप्या पडतात त्यांनी सह्या करायला या. अर्ज दवाखान्यातच ठेवलाय.