दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर: घर आम्ही पाळीनेच देणार

नमस्कार सर,

साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या बाजूचा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, चालायचा आणि रात्री आमच्या गावात घरोघरी मुक्काम करायचा, यावर तुम्ही लिहिलेला अभिप्राय वाचला. ज्या तीन घरांत तुम्ही उतरला होता, तिथंही वाचून दाखवला. स्टार किती द्यायचे तो तुमचा प्रश्न. पण तुमचं वाचून नवीन पाहुणे फोनवर तेच तेच विचारायला लागलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची मोठी तक्रार अशी, की सहा जण एकत्र आलेले असताना आम्ही तुम्हाला दोन-दोन करून तीन घरांत वाटलं, आणि रस्त्याकडेचं स्लॅबचं, फरशी घातलेल्या बाथरूमचं घर रिकामं असूनही दिलं नाही. ते घर त्या रात्री रिकामंच होतं. पण पाहुणे आम्ही घरांना आळीपाळीने देतो, आणि त्याची पाळी आदल्या शनिवारी होऊन गेली होती.

पाळीची वही देवळात असते, कोणीही उघडून बघावी. एका घरात दोन पाहुणे, लहान मूल असेल तर तिसरं. चुलीवर भाकरी थापणारी बाई एकच असते आणि शनिवारी संध्याकाळी तिला धारही काढायची असते. पाहुण्यांनी फोटो बघून घर निवडायचं म्हटलं तर सगळे स्लॅबचंच घर निवडणार. त्या घरचा मुलगा मुंबईला माथाडीत आहे, त्याच्या पैशातून फरशी बसली. वरच्या आळीला सारवलेल्या जमिनीची जी घरं आहेत, तिथं म्हातारी माणसंच राहतात. त्यांच्याकडे कोण जाणार?

आणि यात नुसता न्यायाचा मुद्दा नाही. तुम्ही सडा उतरून गावात आलात ती वाट सरकारी नाही. ती कोणाच्या तरी बांधावरून, कोणाच्या नाचणीच्या कडेने, कोणाच्या गोठ्यामागून येते. कोयनेच्या धरणात खालची सपाट भातखाचरं गेली. आमच्याकडे उरली ती उताराची जमीन, त्यामुळे इथं वीतभर बांधालाही किंमत आहे. पाहुण्यांचे पैसे एकाच घरात जायला लागले, तर बाकीच्यांनी तुमच्या बुटांसाठी बांध का मोकळा ठेवायचा? एकाने काट्याची फांदी आडवी टाकली की संपली तुमची सोपी चाल. माझ्या आईलाही वाटतं की बुकिंग घेणारा आपलाच पोरगा, मग आपल्याकडे दोन पाहुणे जास्त यावेत. रोज ऐकवते. तिलाही वहीच दाखवतो.

आता रात्रीच्या आवाजाबद्दल. "रात्रभर कोणीतरी मुद्दाम डबे वाजवत होतं, ओरडत होतं, सांगूनही थांबलं नाही," असं तुम्ही लिहिलंय. मुद्दामच वाजवत होते. सप्टेंबर संपता संपता भाताच्या लोंबीत दाणा भरतो, आणि दाणा दुधात असताना रानडुकरांना त्याचा वास लागतो. डुक्कर खातं कमी आणि लोळून नासतं जास्त. गवे आले तर विचारूच नका, दहा-बाराचा कळप एका रात्रीत खाचर सपाट करतो. म्हणून या दिवसांत घरटी एक माणूस राखणीला खोपीत झोपतो. झोपतो म्हणजे काय, तासातासाला उठून पत्र्याचा डबा बडवतो, हाळी देतो, मग पलीकडच्या खोपीतून दुसरा देतो. तुम्ही ज्यांना खिडकीतून "बंद करा" म्हणालात ते तुम्ही उतरला होता त्याच घरचे आजोबा. सकाळी चहा त्यांनीच आणून दिला. पाहुण्यांची झोपमोड होऊ नये म्हणून राखण बंद ठेवा, असं मी कोणालाही सांगणार नाही. शांत झोप हवी असेल तर भात झोडून झाल्यावर, डिसेंबरात या. तेव्हा थंडी मात्र भरपूर असते.

चिकन मिळालं नाही हे खरं. तुम्ही आलात तो नवरात्रातला शनिवार होता आणि तिन्ही घरांत घट बसलेले. देवापुढे अखंड दिवा तेवत असलेल्या घरात कोंबडी शिजत नाही, पैसे वाढवून दिले तरी नाही. बुकिंगच्या मेसेजमध्ये हे लिहिलं होतं. नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी, हुलग्याचं माडगं, तवसाची कोशिंबीर आणि खर्डा, याला तुम्ही "आजारी माणसाचं जेवण" म्हटलंय. खर्डा खाऊन कोण आजारी माणूस बरा झालाय ते मला बघायचंय.

चालून पोटऱ्या भरून आल्या, हीही तक्रार आहे. चालीचं वेळापत्रक आम्ही सकाळी नऊचं देतो. फुलांच्या दिवसांत शनिवारी यवतेश्वरचा घाट गाड्यांनी तुंबतो, म्हणून साताऱ्यातून सातलाच निघा असंही कळवलं होतं. तुम्ही एक वाजता पोहोचलात. वाटेत चढ नाही, पण शेवटची उतरण जांभ्याची आहे आणि पावसाळ्यात तिला शेवाळ असतं. ती उजेडात उतरायची असते. तुम्ही ती बॅटरी लावून उतरलात, साहजिकच पोटऱ्या भरून आल्या.

सड्यावर वाट सोडून फोटो काढू दिले नाहीत म्हणून आमच्या वाटाड्याला तुम्ही उद्धट म्हटलंय. कास 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते त्या सड्यावर काय उगवतं त्यामुळे. खाली सगळा जांभा, वर मातीचा पातळ थर. सीतेची आसवं जिथं निळी-जांभळी दिसतात तिथं बोट लावून बघा, नखभर चिखल आणि खाली दगड. मातीत कस नाही म्हणून ती वनस्पती बारीक जीव पकडून भूक भागवते. असल्या थरावरून सहा माणसं चालली की दगड उघडा पडतो. कासच्या राखीव भागात शिट्टी मारणारे कर्मचारी आहेत. आमच्या बाजूला फक्त वाटाड्या आहे. तो तुम्हाला "ओ पाव्हणं, मागं या" म्हणाला असेल. ते आमच्याकडे उद्धट समजत नाहीत.

संडास घराबाहेर आणि भारतीय पद्धतीचा असतो, रेंज देवळाच्या पायरीवरच येते. दोन्ही आधी सांगितलेलं होतं.

अर्धे पैसे परत मागितलेत. ते मिळणार नाहीत. माणशी 1500 घेतले, त्यातले रविवारीच त्या तीन घरच्या बायकांच्या हातात गेले, वाटाड्याचा वाटा त्याला मिळाला, उरलेले वाटेच्या आणि पाण्याच्या टाकीच्या खात्याला. मागायचे झाले तर त्यांच्याकडेच मागावे लागतील.

पुढच्या वेळी सहा जणांना एकाच छताखाली राहायचं असेल, तर कासच्या रस्त्याला हॉटेलं भरपूर आहेत. मुक्काम तिकडे करा, आमच्याकडे फक्त चाल आणि दुपारचं जेवण ठेवा. त्याचे पैसे वेगळे आणि कमी आहेत, फोनवर विचारा. जेवायचं घर मात्र पाळीनेच मिळेल.