'तुमच्याच चलनात' ही सोय नव्हे

दुपारी एका मैत्रिणीने तिच्या कार्डाच्या स्टेटमेंटचा फोटो पाठवला. परवाच परदेशातून परतलीये. खाली प्रश्न: "हॉटेल तेच, रूमचा दर तोच, मग दोन रात्रींच्या रकमा वेगळ्या कशा? बँकेने लुटलं का गं?" फोटो मोठा करून पाहिला आणि डोकं तडकलं. पहिल्या रात्रीचे पैसे तिथल्या चलनात लागलेत, दुसऱ्या रात्रीचे आपल्या चलनात. तिला कुणी काही विचारलंच नाही म्हणते. काउंटरवरच्या माणसाने मशीनवर परस्पर पर्याय निवडला, हिच्यासमोर धरलं, हिने पिन टाकला. झालं.

याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, डीसीसी. पैसे इथल्या चलनात देता की तुमच्या, असं मशीन विचारतं. दमलेल्या माणसाला ओळखीचा आकडा दिसला की बरंच वाटतं. पण तो रेट व्हिसा-मास्टरकार्डचा नसतो. ही सेवा पुरवणारी कंपनी स्वतःचं मार्जिन घालून तो ठरवते आणि त्यातला वाटा दुकानाला, हॉटेलला मिळतो. शिवाय व्यवहार परदेशात झाला म्हणून कित्येक बँका आपला मार्कअप, म्हणजे टक्केवारीतलं जादा शुल्क, वर लावतात ते वेगळंच. म्हणजे दोन्हीकडून कात्री.

मला हे इतकं का लागतं, तर बाबांमुळे. बाबांनी अख्खी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर काढली. कॅश टॅली झाल्याशिवाय कधी घरी आले नाहीत. रिटायर झाल्यावर त्यांना युरोपात नेलं होतं. एका स्टेशनवर मी तिकिटांच्या रांगेत आणि बाबा एटीएमपाशी. पडद्यावर मोठ्ठं हिरवं बटण, रूपांतर मान्य. कोपऱ्यात फिकट अक्षरात दुसरा पर्याय, रूपांतर नको. आणि मजकूर असा की 'नको' म्हटलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटावं. मागे माणसं ताटकळलेली. बाबांनी हिरवं दाबलं.

रात्री हॉटेलवर त्यांनी स्वतःच कागद घेऊन हिशोब मांडला. बाजारातल्या दरापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त गेले होते, एटीएमची फी वेगळी. कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "मला कळायला हवं होतं." याचाच मला संताप येतो. आयुष्यभर लोकांचे पैसे चोख मोजून दिलेल्या माणसाला असं वाटायला लावलं त्या पडद्याने. कळू नये म्हणूनच तो तसा बनवलेला होता!

आता कुणीतरी म्हणेल, निवड तर दिलेली असते. असते, कागदोपत्री. युरोपीय संघात एप्रिल २०२० पासून युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा किती टक्के जास्त घेतोय हे दाखवावं लागतं, तेही चांगलं झालं, मान्य. बाबांच्या वेळी तेवढंही नव्हतं. पण रांगेत उभ्या, परक्या भाषेत गोंधळलेल्या माणसाला टक्केवारी दाखवून हिरवं बटण हिरवंच ठेवलंत, तर काय बदललं?

चलन बदलून देणाऱ्या काउंटरांचंही तेच. 'शून्य कमिशन' अशी पाटी एवढी मोठी, आणि खरेदीचा दर व विक्रीचा दर यांत ही भली मोठी दरी. कमिशन त्या दरीतच असतं. म्हणून पाटी वाचू नका, हातात एकूण किती नोटा पडणार ते आधी विचारा आणि फोनवर खरेदी-विक्रीच्या मधला बाजारदर काढून ताडून बघा. विमानतळावर तर टॅक्सीपुरतेच बदला. तिथल्या काउंटरांना जागेचं भाडं भारी पडतं हे खरं असेल, पण ते आपण का भरायचं? उरलेली नाणी तिथेच खर्चून या, परत घ्यायला बहुतेक कुणी तयार होत नाही.

सरकारने मनावर घेतलं तर काय होतं ते चेक प्रजासत्ताकाने दाखवलं. प्रागमध्ये पर्यटकांना निम्म्या दराने गंडवणारी काउंटरं कुप्रसिद्ध होती. २०१९ मध्ये त्यांनी कायदाच बदलला: १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, कारण न सांगता. पावती घेऊन परत जा, पैसे परत. माणूस घाईत चुकतो हे गृहीत धरून केलेला कायदा आहे हा. एटीएमच्या पडद्याला असं का नको? बाबांनी तर त्याच रात्री हिशोब काढला होता.

मघाशी त्या हॉटेलच्या काउंटरवरच्या माणसावर खूप चिडले होते. आता वाटतं, तोही पगारावरचा, त्यालाही वरून तसंच सांगितलेलं असणार. राग त्याच्यावर नाही. ज्यांनी बटणांचे रंग ठरवले त्यांच्यावर आहे, आणि तो जात नाहीये.

मैत्रिणीला म्हटलंय, पावती शोध. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांचेही नियम सांगतात की चलन ग्राहकाने निवडायचं, दुकानदाराने परस्पर नाही. न विचारता लावलं असेल तर बँकेकडे लेखी तक्रार कर, व्यवहारावर हरकत घेता येते.

आणि तुमच्यापैकी ज्यांचे आई-बाबा एकटे किंवा ग्रुपबरोबर निघालेत त्यांनी आज रात्री फोन करा. एटीएमवर रूपांतर नाकारायचं, नाकारलं तरी पैसे येतात. दुकानात मशीन हातात घेऊन तिथलंच चलन निवडायचं. रोख काढायला डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेलं) वापरायचं, क्रेडिट कार्ड नाही, कारण त्यावर व्याज सहसा त्याच दिवसापासून सुरू होतं. एवढं एका कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवायला सांगा. मागे कितीही रांग असली तरी सावकाश वाचा, हेही लिहा.