कंपनीचं मडगार्ड, काळी माती आणि ट्यूबचा तुकडा

भाऊ,

मोटारसायकलच्या पुढच्या मडगार्डला खालून जोडायच्या तुकड्यावर, म्हणजे एक्स्टेंडरवर, मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्यातल्या ‘फालतूचा शो’सकट आभार! बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कंपनीनं विचार करूनच मडगार्ड बनवलंय, त्याला प्लॅस्टिकची शेपटी कशाला? ड्रिल मारलं की ते तडकतं. आपल्या काळ्या मातीत चाक जाम होईल. आरटीओनं धरलं तर कोण निस्तरणार? आणि एवढीच हौस असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा लावा.

कंपनीनं विचार केला हे कबूल. पण त्यात दिसणं येतं, वजन येतं, खर्च येतो. आखूड मडगार्डची गाडी शोरूममध्ये उठून दिसते. पावसाळ्यात नागपूरजवळ उमरेड रोडला कोळशाच्या ट्रकमागे किंवा कोराडीकडे राखेच्या डंपरमागे जाणाऱ्याची गरज वेगळी असते, आणि कंपनी काही त्या एकट्यासाठी गाडी बनवत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच तपासा. गाडी सरळ उभी करा. एक सरळ पट्टी पुढच्या चाकाच्या मागून अशी धरा, की ती टायरला घासून, मडगार्डच्या खालच्या टोकाला टेकून इंजिनाकडे जाईल. जिथे लागेल तिथून खालचा सगळा भाग उघडा आहे असं समजा. चालत्या चाकाची मागची बाजू खालून वर जाते, आणि तिच्यावरून सुटलेली चुरी गोफणीतल्या दगडासारखी सरळ रेषेत निघते. मडगार्डचं टोक वीतभर खाली आलं की ही रेषाही खाली उतरते. ज्या गाडीत आधीच ती इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटरच्या खाली जाते, तिला एक्स्टेंडरची फारशी गरज नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. ‘सगळ्यांनी लावा’ असं मी म्हणत नाही.

रेडिएटरच्या पातळ ॲल्युमिनियम पात्यांमध्ये बसलेला चिखल पावसात जाणवतही नाही. ऑक्टोबरच्या उन्हात सिग्नलला उभं राहिलं की पंखा थांबायचं नाव घेत नाही, तेव्हा कळतं. मग आपण वॉशिंग सेंटरवर जातो, तिथे प्रेशरच्या पाण्यानं पाती वाकतात, आणि हवा जायची वाट आणखी अरुंद होते.

आता काळी माती. तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात दमदार मुद्दा हाच. ही माती ओली झाली की फुगते, चिकटते, आणि टायरवर थरावर थर चढत जातो. पण हा गोळा अडकतो कुठे? जिथे टायर आणि मडगार्डमधलं अंतर सगळ्यात कमी असतं तिथे, म्हणजे बहुतेक वेळा वर, फोर्कच्या (पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या) दोन पायांच्या मधे. तिथे तो एक्स्टेंडर नसतानाही अडकतो. खालचा तुकडा टायरपासून थोडा दूर जात गेला पाहिजे, जवळ येता कामा नये. बाजारात उलट्या बाकाचे तुकडेही मिळतात, ते घेऊ नका. आणि काटोलकडच्या शेतात रोज पांदण रस्त्यानं जात असाल तर एक्स्टेंडर लावूच नका. चिखलात चालायच्या गाड्यांना, हीरोच्या एक्सपल्सचंच बघा ना, चोचीसारखं उंच मडगार्ड असतं ते याचसाठी.

ड्रिलचं म्हणाल तर मडगार्ड तडकतं ते घाईनं. आधी दोन मिलिमीटरचं छिद्र, मग पाचचं. कडेपासून बोटभर आत. मोठा वॉशर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा), आणि बोल्टचं गोल डोकं टायरकडे, म्हणजे आटे बाहेर राहतात. नट कचकचून आवळायचा नाही. पत्र्याच्या मडगार्डला छिद्राच्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर पहिल्याच पावसात गंज धरतो. भोकं पाडायचीच नसतील तर दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप चालते, पण रंगवलेल्या पत्र्यावर किंवा एबीएस प्लॅस्टिकवर. पॉलिप्रॉपिलीन (पीपी) प्लॅस्टिकवर साधी टेप नीट धरत नाही, तिला आधी चिकटायला मदत करणारा वेगळा प्रायमर लागतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला बहुधा पीपी किंवा एबीएस असा छाप असतो, तो बघून ठरवा.

इंजिनाच्या वॉरंटीशी याचा सहसा काही संबंध येत नाही. मात्र छिद्र पाडलेलं मडगार्ड कंपनी बदलून देईल अशी आशा धरू नका.

आरटीओचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणीतला तपशील बदलणाऱ्या फेरफारांवर आहे. मडगार्डची लांबी आरसी बुकात नसते.

राहिला ट्यूबचा तुकडा. मागच्या मडगार्डला तो चालतो, कित्येक गाड्यांना आहेच. पुढे मात्र ट्यूबचं रबर फार लवचिक पडतं. वाऱ्यानं मागे वळतं, आणि जिथे सायलेन्सरचा बेंड पाईप चाकाजवळून जातो तिथे टेकून जळतं. रबरच हवं असेल तर ट्रकच्या मडफ्लॅपची जाड शीट कापून घ्या. ती लावल्यावर दोघांना गाडीवर बसवून, पुढचा ब्रेक धरून फोर्क पूर्ण दाबा, हॅंडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, आणि तुकडा पाईपला किंवा इंजिनाला लागतो का ते तिसऱ्याला खाली बसून बघायला सांगा. लागत नसेल तर खुशाल वापरा. प्लॅस्टिकचंच घ्या असा माझा हट्ट नाही.