शाकाहाऱ्यांसाठी आर्पेज आहे ना!

लग्नाचा २५वा वाढदिवस पॅरिसमध्ये साजरा करण्यावरचा लेख आवडला, पण ‘शाकाहाऱ्यांनी तिथल्या बड्या रेस्तराँच्या वाटेला जाऊ नये’ हे काही पटलं नाही. शेफ आलँ पासार यांच्या पॅरिसमधल्या आर्पेज या रेस्तराँला १९९६ पासून मिशलँ या रेस्तराँ-मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिचं सर्वोच्च मानांकन, आहेत. २००१ मध्ये त्यांनी लाल मांस बंद केलं आणि स्वतःच्या मळ्यातल्या भाज्यांना पानात मानाची जागा दिली. २०२५ पासून तर मध सोडला तर सगळं वनस्पतिजन्यच! खिसा मात्र चांगलाच हलका होतो. म्हणून अशा ठिकाणी शक्यतो दुपारी जेवावं, रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. सेवाशुल्क दरातच धरलेलं असतं, टिपेची सक्ती नाही. आणि हो, बाटलीऐवजी नळाचं पाणी मागा, फुकट मिळतं.